वृद्धाश्रमांवर देखरेख कोणाची?

पोळीभाजीचे केंद्र काढावयाचे म्हटले तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. प्रसूतिगृह चालवावयाचे तर स्थानिक आरोग्याधिकाऱ्याचा दाखला लागतो. निराधार मुलांचे वसतिगृह २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली नोंदविल्यावाचून चालविले, तर चालकाला एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड, किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु तीस वृद्ध माणसे, त्यांतील काही अंथरुणाला खिळलेली आणि काही स्मृतिभ्रंशाने स्वतःचे नावही विसरलेली, एखाद्या भाड्याच्या बंगल्यात ठेवून त्यांच्याकडून दरमहा शुल्क घेणाऱ्या संस्थेने आधी नोंदणी केलीच पाहिजे, ठरावीक दर्जा राखलाच पाहिजे आणि तपासणीला दार उघडलेच पाहिजे, अशी सक्ती करणारा देशव्यापी कायदा आजही अस्तित्वात नाही. ही उणीव लहानसहान नाही. महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांच्या आईवडिलांचे जीवित तिच्यात गुंतलेले आहे. म्हणून हा विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे.

वृद्धाश्रम म्हटला की आपल्याकडे चर्चा एका ठराविक चाकोरीतून जाते. मुले कृतघ्न झाली, एकत्र कुटुंब मोडले, संस्कार उरले नाहीत, असा विलाप केला जातो आणि सभा संपते. या विलापाला आता निदान पन्नास वर्षे झाली असतील. त्याने एकाही वृद्धाच्या पाठीवरची जखम भरून आलेली नाही. आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवावे की नाही, हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर परिस्थितीच देते. एकुलता मुलगा परदेशी, मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरी, घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिना उद्वाहकावाचून. अशा ठिकाणी ऐंशी वर्षांच्या एकाकी विधवेने काय करावे, याचे उत्तर विलाप करणाऱ्यांपाशी नाही. ज्या दिवशी ती वृद्धाश्रमाच्या दारातून आत जाते, त्या दिवसापासून खरा सार्वजनिक प्रश्न सुरू होतो. आत तिची काळजी कोण घेतो, कशी घेतो आणि ती घेतली जात आहे हे कोण पाहतो?

आश्रमाचे रुग्णालय झाले

येथे एक बदल नीट ध्यानी घेतला पाहिजे. निराधार वृद्धांचा सांभाळ ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह एकोणिसाव्या शतकापासून हे काम करीत आले आहे. पुढे मध्यमवर्गासाठी सशुल्क वृद्धाश्रम निघाले. त्यांपैकी बहुतेकांच्या प्रवेशपत्रिकेत एक अट असे आणि अजूनही असते : अर्जदार आपली दैनंदिन कामे स्वतः करू शकणारा असावा. वर्तमानपत्र वाचणारे, सायंकाळी बागेत फेरी मारणारे, एकादशीला भजन करणारे निवृत्त गृहस्थ डोळ्यांसमोर ठेवून त्या वास्तू बांधल्या गेल्या. ‘आश्रम’ हा शब्दही त्या कल्पनेला साजेसा होता.

परंतु पासष्टाव्या वर्षी आत आलेला गृहस्थ पंच्याऐंशी वर्षांचा होतो. एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरून त्याच्या खुब्याचे हाड मोडते. मग लघवीची नळी येते, नाकातून अन्नाची नळी येते, दिवसाकाठी दहा-बारा गोळ्या येतात. त्याला कोठे पाठवावे हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तो तेथेच राहतो. अशा रीतीने, कोणी ठरविल्यावाचून आणि कोणी परवानगी दिल्यावाचून, आश्रमाचे रुग्णालय होते. इमारत तीच, स्वयंपाकघर तेच, चार ‘मावश्या’ आणि दोन ‘मामा’ तेच. बदलले असते ते केवळ त्यांच्यावर पडलेले काम. याखेरीज गेल्या काही वर्षांत केवळ अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी अनेक खाजगी गृहे निघाली आहेत. त्यांतील काही उत्तम आहेत. काही मात्र दोन सदनिकांच्या मधली भिंत पाडून थाटलेली आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला या दोहोंतील भेद कळण्याचा मार्ग नाही, हेच मोठे दुखणे आहे.

शुश्रूषा म्हणजे काय?

शुश्रूषेचा दर्जा हा शब्द मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो अगदी साध्या गोष्टींत मोजता येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही तर माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर कातडी लाल होते, मग फाटते, आणि काही दिवसांतच हाडापर्यंत जाणारी जखम होते. ही जखम वार्धक्याने होत नाही. ती बहुतांशी दुर्लक्षाने होते. निजलेल्या माणसाच्या तोंडात घाईने घास कोंबला तर अन्न श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. रात्री वारंवार उठवावे लागू नये म्हणून सायंकाळनंतर पाणीच कमी दिले, तर लघवीचा दाह, मलावरोध आणि भ्रम ही त्याची फळे. दोन वृद्धांच्या गोळ्यांच्या डब्या अदलाबदल झाल्या, तर मधुमेह नसलेल्याच्या पोटात साखर उतरविणारे औषध जाते.

हे टाळावयास महागडी यंत्रे लागत नाहीत. पुरेशी माणसे लागतात, त्यांना शिकवावे लागते आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी लागते. नेमके येथेच पाणी मुरते. वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी बहुसंख्य खेड्यांतून किंवा झोपडवस्तीतून आलेल्या असतात. पक्षाघाताच्या रुग्णाला उचलावे कसे, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. बारा तासांची पाळी, तुटपुंजे वेतन, सुटीचा पत्ता नाही, आणि रात्री वीस-पंचवीस वृद्धांमागे एकटी बाई. तिने चिडून एखाद्या आजीचा हात पिरगाळला तर तिला दोष देणे सोपे आहे. तो दोष तिचा आहेही. पण पंचवीस जणांमागे एकटीला ठेवणाऱ्या चालकाचा दोष त्याहून मोठा आहे, आणि तसे ठेवता येते ही मुभा देणाऱ्या शासनाचा दोष सर्वांत मोठा.

कुलूप आणि दोरी

सर्वांत कठीण प्रश्न स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा. तो भिंत धरून चालत राहतो, दार उघडे दिसले की बाहेर पडतो, रात्री ओरडतो. मनुष्यबळ अपुरे असले की त्यावर दोनच उपाय सुचतात : दाराला कुलूप, किंवा खाटेला बांधणे. तिसरा उपाय गुंगीच्या गोळीचा. तो दिसत नाही, म्हणून अधिक प्रचलित. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील नोएडा येथील एका वृद्धाश्रमात राज्य महिला आयोगाचे पथक गेले, तेव्हा तेथे वृद्धांना खोल्यांत कोंडलेले आढळले. एका वृद्धेचे हात बांधलेले होते. ती बातमी वाचून देश हळहळला. पण अशा गोष्टी पथक गेल्यावरच दिसतात, आणि पथक जावे असा नेमच नाही.

कुलूप आणि दोरी यांचा अंत कसा होऊ शकतो, हे तमिळनाडूतील एर्वाडीने आपल्याला एकदा दाखविले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका खाजगी मनोरुग्णगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास सक्त मनाई आहे. तात्कालिक इजा टाळण्यास दुसरा मार्गच नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने आणि लेखी नोंद करून, त्याला तेवढ्यापुरते जखडता येते. मनोरुग्णाला कायद्याने दिलेले हे संरक्षण साध्या वृद्धाश्रमात खाटेला बांधलेल्या आजोबांना प्रत्यक्षात कोण मिळवून देणार? आणि आग केवळ गरिबांच्या झोपडीलाच लागते असेही नाही. १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दक्षिण दिल्लीच्या ग्रेटर कैलास या सधन वस्तीतील वृद्धांच्या शुश्रूषागृहात आग लागून दोन वृद्ध स्त्रिया मृत्यू पावल्या. खिडक्यांना लोखंडी गज, दाराला बाहेरून कडी, आणि वरच्या मजल्यावर स्वतःहून उठू न शकणारी माणसे, अशी गृहे आपल्या शहरांत किती आहेत याची यादी अग्निशमन दलापाशी असावयास नको काय?

साथीच्या काळातही हाच धडा मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातील सोरगाव येथील वृद्धाश्रमात साठांहून अधिक वृद्धांना करोनाची बाधा झाल्याचे उघडकीस आले. एका छपराखाली इतकी दुर्बळ माणसे राहतात तेव्हा एकाचा आजार सर्वांचा होतो. अशा जागांची माहिती आरोग्यखात्याच्या नोंदवहीत आधीपासून असावी लागते. संकट आल्यावर ती शोधत बसावयाची नसते.

‘करू शकेल’ या शब्दात अडकलेला कायदा

मग कायदे करतात काय? २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांना सामावून घेणारे गृह असावे, असे म्हटले आहे. परंतु राज्यसरकार ते स्थापन ‘करील’ असे तेथे नाही. ‘करू शकेल’ असे आहे. गृहांच्या व्यवस्थापनाचे आणि सेवांचे दर्जे ठरविण्याविषयीही तीच सावध भाषा. एका क्रियापदाच्या आडोशाने सरकारे दीड तपाहून अधिक काळ निवांत बसू शकली. याच कायद्याच्या २४ व्या कलमाखाली वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे रस्त्यावर टाकलेला वृद्ध कायद्याला दिसतो. चार भिंतींच्या आत शुल्क घेऊन टाकून दिलेला वृद्ध त्याला धडपणे दिसत नाही.

ही उणीव कोणाच्याच ध्यानात आली नाही असेही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्यास केंद्राला फर्माविले. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले; त्यात सर्व शुश्रूषागृहांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जे यांची तरतूद होती. ते संसदीय समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपताच ते विधेयकही निकालात निघाले. साडेचार वर्षांत त्याच्यासाठी सभागृहाला वेळ मिळाला नाही. विशेष असे, की कराच्या बाबतीत सरकारची दृष्टी तीक्ष्ण आहे. धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात दरमहा पंचवीस हजार रुपयांपर्यंतच्या शुल्कावर वस्तू व सेवा कर लागत नाही, हे सरकारने बारकाईने ठरविले आहे. ज्या जागेची करासाठी व्याख्या करता येते, तिची रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी व्याख्या करता येत नाही काय?

धर्मादाय आयुक्त आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ते न्यासांचे हिशेब पाहतात. परंतु जमाखर्चाच्या वहीत शय्याव्रणाची नोंद नसते. आणि जी गृहे न्यास नाहीत, सरळ धंदा म्हणून चालतात, त्यांच्याकडे तीही वही मागणारा कोणी नाही.

वृद्ध बोलत का नाहीत?

इतके सर्व चालत असता तक्रारी फारशा का येत नाहीत, असा प्रश्न चालक मोठ्या विजयी मुद्रेने विचारतात. त्याचे उत्तर सरळ आहे. ज्या हातांनी रात्री आपले अंग पुसावयाचे, त्याच हातांविरुद्ध दिवसा तक्रार करण्याचे धैर्य कोणात असते? शिवाय वृद्धाला दुसरीकडे जाण्याची सोय नसते. ज्या मुलाने महत्प्रयासाने जागा मिळविली, अनामत भरली, त्याला पुन्हा त्रास देऊ नये असे आईला वाटते. म्हणून दूरध्वनीच्या पडद्यावर ती हसते आणि “माझं बरं चाललंय” असे सांगते. मुलाचीही अडचण असते. तक्रार चव्हाट्यावर आणावयाची म्हणजे आपली आई वृद्धाश्रमात आहे हे चारचौघांत कबूल करावयाचे. मध्यमवर्गाच्या या लाजेचा सर्वांत मोठा लाभ वाईट वृद्धाश्रमांना मिळतो. ज्या ठिकाणी गिऱ्हाईक तक्रार करू शकत नाही आणि निघूनही जाऊ शकत नाही, तेथे केवळ चालकाच्या सद्भावनेवर विसंबून राहणे हा शासनाचा भोळेपणा नव्हे. ती कर्तव्यच्युती आहे.

कायदा केला म्हणजे सर्व सुरळीत होईल, असेही आम्ही मानीत नाही. ऑस्ट्रेलियासारख्या संपन्न देशात कायदा होता, अनुदान होते, तपासनीस होते. तरीही तेथे २०१८ साली शाही आयोग नेमावा लागला, आणि २०१९ च्या त्याच्या अंतरिम अहवालाला ‘उपेक्षा’ हे एकशब्दी शीर्षक द्यावे लागले. मार्च २०२१ मधील अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या. त्यानंतर जुलै २०२३ पासून तेथील शुश्रूषागृहांत चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका हजर असण्याचा नियम आला. इंग्लंडमध्ये प्रत्येक गृहाची तपासणी होऊन त्याला श्रेणी दिली जाते, अहवाल प्रसिद्ध होतो, आणि ती श्रेणी गृहाने दर्शनी भागी लावावी लागते. या देशांचा अनुभव एवढेच सांगतो, की दर्जा कागदावर असून भागत नाही; माणसांची संख्या ठरवावी लागते आणि तपासणीचा निष्कर्ष लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

काय करावयास हवे

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचा विचार केला पाहिजे. खेड्यापाड्यांतून, पदरमोड करून, देणग्यांच्या जोरावर चाललेली लहान गृहे आहेत. नियमांचा बडगा उगारला तर तपासनिसांची खाबूगिरी तेवढी वाढेल, चांगली माणसे कंटाळून गृहे बंद करतील आणि वृद्ध उघड्यावर पडतील, असे त्यांचे म्हणणे आहे. ही भीती निराधार नाही. परंतु तिच्यावरचा उपाय नियम नकोत हा नसून नियम शहाणपणाने करणे हा आहे. स्वतः हिंडूफिरू शकणाऱ्यांचे निवासगृह आणि अंथरुणाला खिळलेल्यांचे शुश्रूषागृह यांना एकच माप लावू नये. लहान धर्मादाय संस्थांना सुधारणेसाठी मुदत द्यावी, अनुदान द्यावे, त्यांच्या सेविकांचे शिक्षण सरकारी खर्चाने करावे. तपासणीचा अहवाल प्रसिद्ध होऊ लागला, की तपासनिसालाही हात ओले करून घेणे पूर्वीइतके सोपे राहत नाही.

आणि यासाठी दिल्लीच्या तोंडाकडे पाहत बसण्याचे महाराष्ट्राला कारण नाही. आपल्याकडे शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे. ‘आजार, इजा किंवा दुर्बलता’ असलेल्या माणसांना ठेवून घेऊन जेथे उपचार व शुश्रूषा केली जाते, ती जागा त्या कायद्याच्या कक्षेत येते. नाकात नळी घातलेले दहा वृद्ध जेथे निजलेले आहेत, ती जागा याहून निराळी कशी, हे कोणी आम्हांस समजावून सांगावे. त्या कायद्याचा आणि २००७ च्या कायद्याने राज्याला दिलेल्या नियम करण्याच्या अधिकाराचा आधार घेऊन सरकारने पुढील गोष्टी तातडीने कराव्यात. वृद्धांना शुल्क घेऊन किंवा न घेता ठेवणाऱ्या प्रत्येक गृहाची नोंदणी सक्तीची करावी. दिवसा आणि रात्री, किती वृद्धांमागे किती सेवक, हे ठरवून ते प्रमाण दारावर लावावयास लावावे. शय्याव्रण, पडझड, बांधून ठेवणे आणि मृत्यू यांची नोंदवही बंधनकारक करावी. वर्षातून निदान दोनदा, पूर्वसूचना न देता, आणि त्यांपैकी एकदा रात्री तपासणी व्हावी. तीत डॉक्टर, परिचारिका आणि अग्निशमन अधिकारी असावेत. अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. वृद्धांशी एकांतात बोलण्याचा अधिकार असलेले नागरिकांचे भेटमंडळ प्रत्येक तालुक्यात नेमावे. आणि सेविकांना किमान वेतन, ठरावीक तास व प्रशिक्षण यांची हमी द्यावी; थकलेल्या हातांकडून मायेची अपेक्षा करता येत नाही.

आमच्या वाचकांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. वृद्धाश्रम पाहावयास जाताना आपण बाग पाहतो, देऊळ पाहतो, शुल्क विचारतो. रात्री बारा वाजता मजल्यावर किती माणसे जागी असतात, हे विचारावे. मागचे दार उघडून पाहावे. अंथरुणाला खिळलेल्यांची खोली दाखवा म्हणावे. ती दाखविण्यास कोणी टाळाटाळ केली, तर तेथून परत यावे. आणि आईवडिलांना तेथे ठेवल्यावर भेटीची वेळ ठरवून जाऊ नये, अवेळी जावे. शेजारच्या खाटेवरच्या आजींचीही विचारपूस करावी, कारण त्यांच्याकडे कदाचित कोणीच येत नसेल.

२०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे नागरिक देशात दहा कोटींवर होते, आणि महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक. ती संख्या त्यानंतर वाढतच गेली आहे आणि हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची भर तीत यथाकाल पडणार आहे. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात हा प्रश्न कोणत्या सदस्याने विचारला आणि मंत्र्यांनी त्याला काय उत्तर दिले, याकडे आमचे लक्ष राहील. वाचकांनीही आपापल्या आमदाराला तेवढे विचारून ठेवावे.